मोबदला कोणत्या नाण्यात? : स्वतंत्र गेम-निर्माते आणि आभासी चलन



ज्या शिक्षकाच्या स्मृतीस ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे त्यांचा विषय गणित होता, आणि सरळव्याज, चक्रवाढव्याज, नफातोटा व बट्टा हे प्रकार जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांतील कित्येक घरांत आज जे बिनचूक समजतात त्याचे श्रेय पुष्कळसे त्यांच्या शिकवणीकडे जाते. तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ बोलावयाचे तर विषय हिशेबाचा असावा, आणि तोही आजच्या तरुणांच्या घरात रोज उभा राहणाऱ्या हिशेबाचा असावा, असे मला वाटले. नारायणगाव, मंचर, घोडेगाव, जुन्नर या गावांतून पुण्यास शिकावयास गेलेली आणि शिक्षण संपल्यावर एका लॅपटॉपच्या आधारे घरूनच काम करू लागलेली मुले-मुली आता थोडी राहिलेली नाहीत; त्यांपैकी काही जण व्हिडिओ गेम तयार करतात. कोणी पात्रे रेखाटतो, कोणी पार्श्वसंगीत रचते, कोणी गेमचा कोड लिहितो. त्यांच्यापुढे अलीकडे एक प्रस्ताव वारंवार येतो, तो असा की, तुमचे काम आम्हांस पसंत आहे, परंतु मोबदला रुपयांत वा डॉलरांत न देता आम्ही तो क्रिप्टो म्हणजे आभासी चलनात देऊ. हा प्रस्ताव स्वीकारावा की नाही, एवढाच आजचा प्रश्न आहे.

या धंद्याची ज्यांना ओळख नाही त्यांच्याकरिता दोन शब्द सांगणे अवश्य आहे. गेम हा पोरखेळ आहे ही समजूत आता सोडून दिली पाहिजे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या मंडळीने ‘राजी’ हा गेम २०२० साली जगापुढे ठेवला. त्याच्या उभारणीत आपल्याकडील पुराणकथांचा आणि चित्रपरंपरेचा आधार घेतलेला आहे. २०१७ साली लोकवर्गणीतून भांडवल जमविण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरीही त्यांनी काम टाकले नाही. असा स्वतंत्र निर्माता स्वतःचा गेम विकतो तेव्हा ‘स्टीम’सारखे मोठे आंतरजालीय दुकान विक्रीतील सामान्यतः ३० टक्के स्वतःकडे ठेवते आणि उरलेली रक्कम पुढील महिन्याच्या अखेरीस हाती येते. दुसरा मार्ग म्हणजे परदेशी वा देशी संस्थेकरिता ठरावीक टप्प्यांचे काम अंगावर घेणे. टप्पा पुरा झाला, मंजूर झाला, की पैसे. दोन्ही मार्गांत काम आधी, पैसा मागाहून, आणि मधल्या काळातले घरभाडे, वीज, हप्ता ही सारी जबाबदारी करणाऱ्याची. आपल्या प्रश्नाचे सारे मर्म या मधल्या काळात आहे.

माझे मत आरंभीच सांगतो, म्हणजे श्रोत्यांना ते शोधीत बसावे लागणार नाही. श्रमाचा मोबदला ज्या मापाने ठरतो ते माप स्थिर असलेच पाहिजे, आणि त्या मापाच्या चढउताराची जोखीम देणाऱ्याने सोसावी, घेणाऱ्याने नव्हे. आभासी चलन हे पैशाच्या वाहतुकीचे साधन म्हणून क्वचित् चालेल; मोबदल्याचे माप म्हणून ते चालणार नाही, आणि जो गेम अद्याप बाजारात आलेला नाही त्याचेच टोकन, म्हणजे त्या गेमपुरते नाणे, वेतन म्हणून देऊ करणे हा तर माझ्या मते सरळ सरळ अन्याय आहे.

आभासी चलनाचे पुरस्कर्ते ज्या गुणाचा मोठ्या अभिमानाने उल्लेख करतात तो म्हणजे त्याची नोंदवही. ती सर्वांस खुली असते, एकदा झालेली नोंद पुसता येत नाही, आणि ती ठेवण्यास कोणा एका सावकाराची वा सरकारची गरज नसते. हा गुण खरा आहे, आणि तो लहान नाही. परंतु ज्या भूमीत आपण बसलो आहोत तिला न पुसणाऱ्या नोंदींचे नावीन्य नसावे. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा जो दीर्घ लेख आहे त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या सहस्रावधी कार्षापणांची नोंद दोन हजार वर्षे वाऱ्यापावसात टिकून आहे, आणि घाटमाथ्यावरचा तो दगडी रांजण जकातीचा म्हणून आपण पोरांना दाखवीत आलो आहोत. जुन्नरभोवतीच्या लेण्यांतील लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या, कांस्यकारांच्या आणि धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. त्यांपैकी काहींकडे दानाची ठेव ठेवावी आणि तिच्या उत्पन्नातून भिक्षूंची तरतूद चालावी अशी ती व्यवस्था होती.

या प्रकारचा सर्वांत तपशीलवार हिशेब नाशिकच्या लेण्यात आहे. नहपान क्षत्रपाचा जामात उषवदात याने ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली. त्यांपैकी २,००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मूळ ठेवीस हात लावावयाचा नाही, फक्त व्याज भोगावयाचे. २,००० कार्षापणांचे वर्षाचे व्याज २४० होते, आणि त्यातून वीस भिक्षूंना वस्त्रांकरिता प्रत्येकी बारा कार्षापण मिळावेत, इतका तो हिशेब काटेकोर आहे. त्याच लेखात ३५ कार्षापणांस एक सुवर्ण हा दरही नमूद आहे, आणि हे सारे निगमसभेत ऐकवून फलकावर रीतसर नोंदविले गेले असेही म्हटले आहे. म्हणजे नोंद सार्वजनिक आहे, अपरिवर्तनीय आहे, दराचा उल्लेख स्पष्ट आहे, साक्षीदार आहेत.

आता विचार असा करावा की, त्या भिक्षूला वर्षाकाठी वस्त्र मिळण्याची शाश्वती कशामुळे होती? शिळेवर अक्षरे कोरली होती म्हणून नव्हे. व्याज देण्याची जबाबदारी पत्करलेली विणकरांची श्रेणी नाव-गावासह समोर होती आणि कार्षापणाच्या चांदीचे मोल बाजारात ठाऊक होते, म्हणून. नोंदीचे अढळपण आणि मोलाचे अढळपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने दुसरी सिद्ध होत नाही. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा जो साठा सापडला त्यात १३,००० हून अधिक नाणी होती, आणि त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उठविला होता. सत्ता पालटली, ठसा पालटला, पण नाण्यातली चांदी होती तेवढीच राहिली. आजच्या कागदी रुपयात चांदी नाही हे मान्य. परंतु त्यामागे रिझर्व्ह बँकेचे वचन आहे, कर त्याच चलनात स्वीकारणारे सरकार आहे, आणि दाव्याचा निकाल त्याच चलनात देणारे न्यायालय आहे. बिटकॉइनसारख्या आभासी चलनामागे चांदीही नाही आणि देणेकरीही नाही. आहे ती केवळ अढळ नोंद आणि तिला आज किती भाव येतो याविषयीची लोकांची अटकळ.

शिवनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना आणखी एका गोष्टीची आठवण देणे उचित होईल. सभासदाच्या बखरीवरून असे दिसते की, शिवछत्रपतींनी लष्करास व कारकुनांस मोकासे तोडून न देता वेतन रोख अथवा वरातेने देण्याचा शिरस्ता घातला. रोख वेतन देणे खजिन्यास जड असते, हे न कळण्याइतके ते राज्य अननुभवी नव्हते; परंतु वेतनाच्या वसुलीची दगदग आणि अनिश्चितता शिपायाच्या गळ्यात घातली म्हणजे शिपाई आणि रयत दोघेही नाडले जातात, हेही त्यास पुरते ठाऊक होते. पुढे पेशवाईत अंकुशी, चांदवडी, हाली सिक्का असे नाना तऱ्हेचे रुपये एकाच बाजारपेठेत फिरू लागले तेव्हा एका रुपयाच्या जागी दुसरा देताना बट्टा द्यावा लागे, नाणे पारखण्यास पोतदार लागे, आणि ज्याच्या हाती दुसरे नाणे मागण्याचे सामर्थ्य नाही त्याच्या पदरात कमी मोलाचे नाणे पडे. मोठा सावकार बट्टा ठरवी. हातावर पोट असलेला मजूर तो सोशी. आभासी चलनाचा व्यवहार तंत्राच्या दृष्टीने कितीही नवा असो, बट्टा कोणी सोसावा हा त्यातला प्रश्न तोच आहे.

या प्रश्नाचा शास्त्रीय विचार आपल्या महाराष्ट्रातील एका थोर पुरुषाने शंभर वर्षांपूर्वी केलेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध १९२३ साली लंडनहून प्रसिद्ध झाला आणि १९२५ साली हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांनी साक्षही दिली. त्यांच्या विवेचनाचा गाभा माझ्या समजुतीप्रमाणे असा की, चलनाची खरी कसोटी परकीय हुंडीच्या दरात नसून त्याच्या क्रयशक्तीत आहे. क्रयशक्ती ढळू लागली की किमती वर जातात, वेतने मागे राहतात, आणि मजुरी करून पोट भरणाऱ्या वर्गाची मिळकत कोणी हात न लावताही कमी होते. त्या ग्रंथात त्यांनी रुपयाच्या टांकसाळीस निश्चित मर्यादा घालण्याचा पुरस्कार केला आहे, आणि या एका मुद्द्याचा आधार घेऊन, ज्याची संख्या २ कोटी १० लाखांपलीकडे कधीच जाणार नाही ते बिटकॉइन बाबासाहेबांना मान्य झाले असते, असे प्रतिपादन करणारे तरुण मला भेटतात. त्यांच्याविषयी मला आदर आहे, कारण त्यांनी ग्रंथ वाचला आहे. परंतु साधनाला साध्य समजण्याचा दोष त्यांच्या युक्तिवादात राहून जातो. बाबासाहेबांना मर्यादा हवी होती ती क्रयशक्ती स्थिर राहावी म्हणून. बिटकॉइनची संख्या बांधलेली आहे, पण त्याची क्रयशक्ती मात्र मोकाट आहे. ज्या कसोटीसाठी मर्यादा मागितली त्याच कसोटीस ते उतरत नाही.

ते किती उतरत नाही हे आकड्यांनी पाहू. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनचा भाव ६८,००० डॉलरांच्या घरात होता. मंचरच्या एखाद्या चित्रकार मुलीने तीन महिने खपून एका गेमची सारी पात्रे रेखाटली आणि मोबदल्यात तिला एका बिटकॉइनचा विसावा भाग मिळाला, असे धरा. त्या दिवशीच्या भावाने ते ३,४०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे अडीच लाख रुपये झाले. ‘थांबलीस तर वाढेल’ असे तिला सगळ्यांनी सांगितले, आणि ती थांबली. पुढच्या नोव्हेंबरात तोच भाव १६,५०० डॉलरांच्या आसपास आला; तिच्या विसाव्या भागाचे ८२५ डॉलर, सुमारे ६७,००० रुपये उरले. तीन महिन्यांच्या श्रमांतले सुमारे सव्वादोन महिन्यांचे श्रम हवेत गेले, आणि तिच्या रेखाटनांत तर काडीचा फरक पडलेला नव्हता.

एवढ्यावर भागत नाही. काम केले त्याचे ते उत्पन्न असल्याने ज्या दिवशी नाणे हाती आले त्या दिवशीच्या भावाने, म्हणजे अडीच लाखांवर, ते तिच्या व्यवसायाच्या उत्पन्नात धरले जाते. पुढे नाणे विकताना झालेला १ लाख ८३ हजारांचा तोटा तिला दुसऱ्या कोणत्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही, पुढील वर्षात ओढताही येत नाही, कारण २०२२ च्या वित्त कायद्याने आभासी मालमत्तेच्या व्यवहारास तशी मनाई केलेली आहे. नफा झाला असता तर मात्र त्यावर ३० टक्के कर होता. शिवाय १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेतून १ टक्का मुळातच कापला जातो. म्हणजे चढावर सरकार भागीदार आणि उतारावर ती एकटी. या करपद्धतीविषयी कोणाचे मत कसेही असो, वर्षाअखेरीस विवरणपत्र भरताना तिला तोच कायदा लागू आहे.

येथे कोणी म्हणेल की, ती आणखी थांबली असती तर डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइनने १ लाख डॉलरांची पायरी ओलांडली तेव्हा तिचे नशीब उघडले असते. गोष्ट खरी आहे. पण तीन वर्षे थांबण्याची ऐपत ज्याच्याजवळ आहे तो मोबदल्यावर जगत नाही, तो गुंतवणुकीवर जगतो. आणि ज्याला गुंतवणूक करावयाची आहे त्याने रुपये घेऊन खुशाल दुसऱ्या दिवशी बिटकॉइन घ्यावे, त्याला कोण अडवितो? त्याच्या हाती रुपया दिला तर दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. नाणे दिले तर निवड दुसऱ्याने केलेली असते. दुकानदारांचेच उदाहरण घ्या. ज्या ‘स्टीम’चा मी उल्लेख केला त्याने २०१६ साली गिऱ्हाइकांकडून बिटकॉइन घेण्यास आरंभ केला आणि डिसेंबर २०१७ मध्ये भावाची अस्थिरता व एकेका व्यवहाराचा २० डॉलरांपर्यंत चढलेला खर्च ही कारणे देऊन ते बंद केले. गेमच्या जगातील सर्वांत बलाढ्य व्यापाऱ्यास जी जोखीम पेलवेना, ती एकट्यादुकट्या कारागिराने पेलावी अशी अपेक्षा कोणत्या न्यायाने करावयाची?

कायद्याचा भाग मी थोडक्यात आटोपतो. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना अशा व्यवहारांपासून दूर राहण्याचा हुकूम दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी तो रद्द केला. तेव्हा आभासी चलन बाळगणे हा गुन्हा नाही, परंतु ते कायदेशीर चलनही नाही. १९३६ च्या वेतनप्रदान अधिनियमाने आणि नंतर २०१९ च्या वेतन संहितेने वेतन चालू नाण्यांत, नोटांत, धनादेशाने वा बँकखात्यात द्यावे असे बंधन मालकावर घातले. पण हे कवच नोकराला आहे, आणि आपला गेम-निर्माता कागदोपत्री ‘स्वतंत्र’ असल्याने तो त्याबाहेर राहतो. दुसरी बाब फार कमी जणांच्या ध्यानात येते. परदेशी संस्थेकरिता केलेले काम जीएसटीच्या दृष्टीने सेवेची निर्यात ठरावे आणि करमुक्त राहावे, यासाठी मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या ठिकाणी रुपयांत, आलेला असावा लागतो. बिटकॉइन यांपैकी काहीच नाही. म्हणजे ज्याची उलाढाल वर्षाकाठी २० लाखांच्या वर गेली आहे अशा आपल्या एखाद्या उद्योगी तरुणाने डॉलरऐवजी आभासी नाणे पत्करले, तर बँकेचा परकीय चलनाचा दाखला त्याच्या दप्तरात राहत नाही आणि त्याच कामावर १८ टक्के कर मागितला जाण्याची टांगती तलवार डोक्यावर राहते.

आता टोकनाविषयी, कारण माझ्या मनाला सर्वांत अधिक खुपणारी गोष्ट ती आहे. गेम काढणारी संस्था म्हणते, आमच्याजवळ आज रोकड नाही, परंतु आमच्या गेममध्ये चालणारे आमचेच नाणे आम्ही तुम्हांस देतो. गेम गाजला की त्याचे मोल शतपट होईल. नारायणगाव ही तमाशाची पंढरी आहे, आणि कलावंताच्या मोबदल्याचे जेवढे प्रकार असू शकतात तेवढे या गावाने पाहिलेले आहेत. गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच यात्रेची सुपारी ठरविण्यास येतात, इसार देतात, उरलेली रक्कम खेळाच्या दिवशी चुकती करतात. कलावंत हंगामाआधी उचल घेतो. तिच्यापायी तो फडाला बांधला जातो, हा त्या पद्धतीचा जुना दोष. पण सुपारीचा आकडा रुपयांत ठरतो, उचलीचा आकडाही रुपयांत ठरतो. यात्रेला गर्दी कमी झाली म्हणून ढोलकीवाल्याचा ठरलेला पगार उतरत नाही. तो तोटा फडमालकाचा. आणि ढोलकीफडात जो दौलतजादा उधळला जातो तो ठरलेल्या पगाराच्या वरचा असतो, त्याच्या ऐवजी नसतो. जेथे पगार असा नाहीच आणि सारी मदार दौलतजादावरच आहे, तेथे कलावतीला देणाऱ्याच्या लहरीवर किती अवलंबून राहावे लागते, हे आपल्या परिसरातील जाणत्यांना मी सांगावयाला नको.

गेमचे टोकन हे दौलतजादाच्या जातीचे आहे. ठरलेला मोबदला रुपयांत चुकता करून वर खुशीने कोणी टोकन दिले तर ते अवश्य घ्यावे. आपला वाटा असलेला गेम गाजावा अशी इच्छा कोणाला होणार नाही? परंतु मोबदल्याच्या ऐवजी टोकन घेणारा मनुष्य त्या धंद्यातला भागीदार होतो, आणि तो असा भागीदार की ज्याला जमाखर्च पाहण्याचा हक्क नाही, ठरावात मत नाही, आणि टोकन नव्याने किती काढावयाची हे ज्याला विचारलेही जात नाही. व्हिएतनामी संस्थेच्या ‘अ‍ॅक्सी इन्फिनिटी’ या गेमचे उदाहरण ताजे आहे. २०२१ साली फिलिपिन्समधील हजारो कुटुंबे हा गेम खेळून मिळणाऱ्या टोकनांवर घरखर्च चालवू लागली होती; टोकनांचा पुरवठा वाढत गेला, मागणी सरली, आणि वर्षभरात ज्या टोकनाचे ३० सेंटांहून अधिक येत त्याचा एक सेंटही येईना. मार्च २०२२ मध्ये त्या गेमच्या जाळ्यातून ६० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम चोरीस गेली, ती गोष्ट वेगळीच. ती कुटुंबे खेळाडूंची होती, निर्मात्यांची नव्हेत. पण ज्या नाण्याचा भाव आणि पुरवठा देणाऱ्याच्या मुठीत आहे त्या नाण्यावर संसार उभारला म्हणजे काय होते, ते दोघांनाही सारखेच लागू आहे.

भाव कोण ठरवितो हा मुद्दा आंबेगावच्या पश्चिम भागाला नवा नाही. भीमाशंकर-आहुपे परिसरातील महादेव कोळी कुटुंबे चैत्र-वैशाखाच्या उन्हात बाळहिरडा गोळा करतात, वाळवितात. हिरडा नेणारा व्यापारी मोबदल्यात मीठ, सुकी मासळी, धान्य टाकून जाई, आणि माप त्याचे, भाव त्याचा, मिठाची किंमतही त्यानेच लावलेली, ही हकिकत तेथील वृद्ध अद्याप सांगतात. वस्तूच्या रूपाने मोबदला घेण्यात स्वतः काही पाप नाही. बलुतेदार खळ्यावरून धान्य नेई आणि ते धान्य त्याच्या घरात शिजे. घेणाऱ्यास ते जसेच्या तसे उपयोगी पडे. अन्याय तेथे सुरू होतो जेथे वस्तू घेणाऱ्याच्या उपयोगाची नसते आणि तिचे मोल देणारा ठरवितो. १९७२ साली स्थापन झालेल्या आदिवासी विकास महामंडळाने हिरडा रुपयांत खरेदी करावा, ही व्यवस्था याच अन्यायावरचा उपाय होती. तिच्यात उणिवा पुष्कळ राहिल्या, पण दिशा बरोबर होती.

प्रतिपक्षाची बाजू दुबळी करून मांडणे या व्यासपीठास शोभणार नाही, म्हणून तीही सांगतो. परदेशातून बँकेमार्फत पैसे येण्यास कधी कधी आठवडा लागतो. मधल्या बँका आपापले शुल्क कापतात, चलनबदलाचा दर गिऱ्हाइकास प्रतिकूल लावला जातो, आणि १०० डॉलरांच्या छोट्या कामात हा खर्च जाचतो. ज्या देशांत स्वतःचे चलनच रोज कोसळत आहे तेथील निर्मात्याला आभासी नाणे आधार वाटले तर त्याला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. चार जणांनी मिळून केलेल्या गेमच्या विक्रीतील वाटे आपोआप वाटणारी करारपद्धती या तंत्राने शक्य होते, हेही मला मोलाचे वाटते. भागीदारांतील निम्मी भांडणे वाटपाच्या दिरंगाईतून उद्भवतात. डॉलरशी बांधलेली जी ‘स्थिर नाणी’ निघाली आहेत त्यांत चढउताराचा दोष बराच कमी आहे. तरीही मे २०२२ मध्ये ‘टेरा’चे डॉलरशी बांधलेले म्हणविणारे नाणे काही दिवसांत मातीमोल झाले, आणि मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा खरीखुरी गंगाजळी बाळगणारे ‘यूएसडीसी’ नाणेही दोन दिवस डॉलरच्या खाली, ८८ सेंटांच्या आसपास घसरले होते. ते सावरले, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण ज्याचा कर्जाचा हप्ता नेमका त्या शनिवारी होता त्याला ते सावरण्याची वाट पाहता आली नसती.

शिवाय नाणे मिळाले तरी ते ठेवावयाचे कोठे? स्वतःच्या किल्लीने ठेवावे तर किल्ली हरवली की सारे हरवले. बाजारपेठेच्या खात्यात ठेवावे तर मुंबईत उगम पावलेल्या ‘वझीरएक्स’मधून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलरांची मालमत्ता चोरीस गेली आणि लाखो भारतीय खातेदारांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकून पडले. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंतच्या ठेवीस विम्याचे संरक्षण आहे. येथे तसे काही नाही.

मग मार्ग कोणता? माझ्या दृष्टीने तो कराराच्या कागदात आहे. मोबदल्याचा आकडा रुपयांत किंवा डॉलरांत लिहिलेला असावा. देणाऱ्याला आभासी नाण्याच्या वाटेनेच पाठवावयाचे असेल, तर प्रत्यक्ष जमा होण्याच्या घटकेस जेवढ्या नाण्यांनी तो आकडा पुरा होईल तेवढी नाणी त्याने द्यावीत, रूपांतराचा खर्च व कापला जाणारा कर त्याने सोसावा, आणि खात्यात पूर्ण रक्कम येईपर्यंत कामाची मालकी त्याच्याकडे जाऊ नये. टोकन द्यावयाचे असेल तर ते मोबदल्याच्या वर, स्वतंत्र कलमाखाली. या अटी देणाऱ्याला जाचक वाटत असतील तर जोखीम कोणाच्या माथी मारावयाची होती ते आपोआप उघड होते.

आपल्या दोन तालुक्यांना असा आग्रह धरण्याची सवय आहे. विघ्नहर आणि भीमाशंकर या साखर कारखान्यांना ऊस घालणारा शेतकरी १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशान्वये १४ दिवसांत पैसे मागतो, आणि उशीर झाला तर शेकडा १५ दराने व्याज मागण्याचा त्याला हक्क आहे. साखरेचा भाव पडला, म्हणून आता उसाच्या बिलाऐवजी पुढल्या हंगामाचे वचन घ्या, असे कोणी त्याला सांगितले तर कारखान्याच्या दारात काय होईल हे आपण जाणता. त्याच शेतकऱ्याची मुलगी संगणकावर काम करते तेव्हा तिचा हक्क त्याहून उणा का असावा? तिने ‘उद्यम’ नोंदणी केली असेल आणि गिऱ्हाईक भारतातले असेल, तर २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याने ४५ दिवसांपलीकडे थकलेल्या रकमेवर बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढव्याज तिला मागता येते. ही मागणी पदरात पडावयाची तर येणे रकमेचा आकडा निर्विवाद असला पाहिजे. ज्या नाण्याचा भाव मागणीच्या दिवशी एक आणि निकालाच्या दिवशी दुसरा, त्याचे येणे किती हे ठरविण्यातच खटल्याचे आयुष्य सरेल. आणि टोकन देणारी संस्था जर केवळ एका संकेतनावाने आंतरजालावर वावरत असेल, तर नोटीस बजावावयाची ती कोणत्या पत्त्यावर, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो.

वर सांगितलेल्या कलमांचा एक छोटा मसुदा मी मराठीत तयार करून आणला आहे आणि तो व्याख्यानमालेच्या चालकांच्या हवाली करीत आहे. घोडेगाव आणि जुन्नर येथील न्यायालयांत काम करणाऱ्या वकीलमंडळींनी तो तपासून, हवा तसा दुरुस्त करून द्यावा, आणि आपल्या महाविद्यालयांनी तो शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या हाती ठेवावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.